कोणत्या नळावर?

आमच्या तालुक्याच्या गावी नर्सिंग सहाय्यकांचा वर्ग चालत असे. त्याचे प्राचार्य धारवाडकर सर नियमांचे मोठे कडक. सकाळी आठला वॉर्डात हजेरी. एक मिनिट उशीर झाला तरी नावापुढे लाल रेघ पडायची आणि तिसऱ्या रेघेला परीक्षा बंद. दुसरा नियम त्यांनी वॉर्डाच्या दारातल्या नळामागच्या भिंतीवर रंगवून घेतला होता: "साबणाने चाळीस सेकंद हात धुतल्याशिवाय आत येऊ नये." नळ एकच आणि मुली बावीस.

त्या दिवशी कावेरी घुले रांगेत शेवटची होती. हात धुऊन ती आत आली तेव्हा आठ वाजून एक मिनिट झाले होते. तिच्या दोन रेघा आधीच पडलेल्या होत्या.

"या महाराणी!" एका आजोबांच्या खाटेवर हात टेकून सर म्हणाले. "मी आठच्या ठोक्याला आत आलो. मला जमतं, मग तुम्हाला का नाही? नियम सगळ्यांना सारखा!"

कावेरी शांतपणे म्हणाली, "सर, आठच्या ठोक्याला नळावर मीच होते. तुम्ही कोणत्या नळावर हात धुतलेत, तेवढं सांगा. उद्यापासून मीही तिथंच धुते, म्हणजे वेळेवर येईन."

आजोबांना हसता हसता ठसका लागला. सरांनी खाटेवरचा हात उचलला, लाल पेन खिशात ठेवले आणि ते नळाकडे गेले.

ते परत आले तेव्हा आठ वाजून चार मिनिटे झाली होती. हजेरी त्यांनी पहिल्यापासून घेतली. त्या दिवशी कुणाच्याच नावापुढे लाल रेघ पडली नाही.