शेवटच्या पंगतीचा मान

बार्शीच्या भुसार पेठेत अप्पासाहेब शेट्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. घरात तर कुणाची टापच नव्हती. घरचा रिवाज असा, की आधी पुरुषांची पंगत, बाया शेवटी. अप्पांच्या गप्पा ताटावरच रंगायच्या, त्यामुळे त्यांच्या बायकोच्या, द्वारकाबाईंच्या पानात भाकरी पडायची तीन वाजता, तीही गार. त्यांना साखरेचा आजार. जेवण एकच्या आत व्हायलाच हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. परवा त्या चुलीपाशीच चक्कर येऊन पडल्या, आणि धाकट्या सुनेनं, मंदाकिनीनं, मनाशी पक्कं केलं.

आज व्याही जेवायला होते. गरम भाकरी वाढता वाढता तिनं विचारलं, "अप्पा, आत्याबाई शेवटी का जेवतात हो?"

अप्पा ऐटीत म्हणाले, "अगं, सगळ्यांना जेवू घालून जेवते ती घरची लक्ष्मी! शेवटच्या पंगतीचा मान सगळ्यात मोठा. काय व्याहीबुवा?"

"अगदी खरं," व्याही म्हणाले.

"मग चुकलंच आमचं," मंदाकिनी म्हणाली. "घरात सगळ्यात मोठे तुम्ही, आणि एवढा मान इतकी वर्षं आत्याबाईच घेत राहिल्या. उद्यापासून तो तुमचा. त्या एकला जेवतील, तुम्ही तीनला."

व्याह्यांना हसता हसता ठसका लागला. अप्पांनी ताटातल्या वाफाळत्या भाकरीकडे पाहिलं आणि पाटावरून थोडे बाजूला सरकले.

"ऐकलंत का," त्यांनी आत द्वारकाबाईंना हाक दिली, "पान घेऊन इकडंच या. तो मान आता कुणालाच नको."