जॅकेटातलं पाणी

“मग पाणी आत आलं कुठून?”

शार्दूल राजेशिर्केनं हातातलं जॅकेट बाकावर आपटलं.

वामन भोईर गोल्फच्या एका स्टिकला नवी मूठ बसवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“दादा, मी तुम्हाला विचारतोय.”

“ऐकू येतं मला.”

कारवीच्या टेकडीवर जिमखान्याचं गोल्फ मैदान आहे. मैदानाच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक शेड. वामनदादा तिथे बसत. फार पूर्वी ते या मैदानावर कॅडी म्हणून आले होते. लोकांच्या बॅगा वाहता वाहता खेळ शिकले, आणि पुढे त्याच लोकांना शिकवू लागले. शार्दूलच्या हातात पहिली स्टिक त्यांनीच दिली होती.

आता सत्तरी उलटली होती. शिकवणं कमी झालं होतं, दुरुस्त्या वाढल्या होत्या. पावसाळ्यात तर त्यांच्याकडे रेनकोटच यायचे. कुठली शिवण सुटली आहे, कुठलं कापड पाणी धरू लागलं आहे, हे ते नुसतं चाचपून सांगत.

“परवाची मॅच मी हरलो,” शार्दूल म्हणाला. “तीन वर्षं पावसाळी चषक माझ्याकडे आहे. या वेळी दोन फटक्यांनी गेला. सोळाव्या होलला हात इतका ओला होता, की स्टिक सटकली. घरी जाऊन बनियन पिळलं, तर धार लागली. एवढं भारी जॅकेट अंगावर असताना!”

“मग?”

“मग काय! हे सगळं नर्मदामुळे.”

नर्मदा घारे शार्दूलची कॅडी. टेकडीखालच्या वाडीत राहायची. नऊ वर्षं त्याची बॅग तिच्या खांद्यावर होती. बॉल कितीही गवतात गेला, तरी ती सरळ चालत जाऊन त्याच्यापाशी उभी राहायची.

“तिनं काय केलं?”

“मॅचच्या आधी जॅकेट तिच्याकडे दिलं होतं. पाणी धरू नये म्हणून फवारा मारायचा, शिवणींवर ते औषध लावायचं, वाळवायचं. एवढंच काम. तिनं साबणात घातलं असणार. साबण लागला की कापड पाणी पितं… तुम्हीच शिकवलंय मला.”

“ती काय म्हणाली?”

“म्हणाली, साबण लावलाच नाही.”

“तू काय म्हणालास?”

शार्दूल जॅकेटची चेन वरखाली करू लागला.

“मी ऐकलंय,” वामनदादा म्हणाले. “पण तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

“…म्हणालो, तोंड वर करून बोलू नकोस. म्हणालो, अडाणी बाईच्या हातात जॅकेट दिलं, हीच माझी चूक.”

“कुठे म्हणालास?”

“अठराव्या ग्रीनवर. शेवटच्या होलपाशी.”

“आणि माणसं किती होती?”

“बक्षीस समारंभाला जमलेले सगळेच होते. त्यात काय, दादा? राग आला होता मला! मी कमिटीलाही लिहून दिलं. त्यांनी त्याच दिवशी तिचं नाव कॅडींच्या यादीतून काढलं.”

वामनदादांनी स्टिक खाली ठेवली. दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले.

“दे ते इकडे.”

शार्दूलनं जॅकेट दिलं.

वामनदादांनी फळीवरून एक पातेलं काढलं. ते आतून पुसून कोरडं केलं. वर्तमानपत्राचं एक पान घडी घालून तळाशी ठेवलं. मग पातेल्याच्या तोंडावर जॅकेटची पाठ पसरली, मध्ये मुठीनं खोलगट केली आणि त्यात तांब्याभर पाणी ओतलं.

पाणी पाऱ्यासारखं गोळा होऊन कापडावर डुलत राहिलं.

“बस.”

“किती वेळ?”

“बस म्हटलं ना.”

शार्दूल बसला. पाच मिनिटं गेली. दहा गेली. तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला.

“दादा, हे असले प्रयोग बघायला मी आलेलो नाही. जॅकेट दुरुस्त होणार का, तेवढं सांगा.”

वामनदादांनी कापडावरचं पाणी बोटानं डुलवून पाहिलं.

“बाराला माझी मीटिंग आहे!”

“नर्मदाला कसलीच मीटिंग नाही आता,” वामनदादा म्हणाले. “ती घरीच आहे.”

शार्दूल पुन्हा बसला.

अर्धा तास झाल्यावर वामनदादांनी पाणी ओतून टाकलं आणि तळचा कागद काढून शार्दूलच्या हातात दिला.

कागद करकरीत कोरडा होता.

“पाठ झाली. आता खांदे.”

खांद्यांच्या शिवणी पातेल्यावर आल्या. मग बाह्या आल्या. दर वेळी पाणी, दर वेळी वाट पाहणं, दर वेळी कागद. तिसऱ्या वेळी शार्दूलनं कागद स्वतःच काढला. त्यानं तो उजेडात धरून पाहिला, दोन्ही बाजूंनी बोट फिरवलं.

वामनदादांनी जॅकेट उलटं केलं आणि शिवणीवरून नख ओढलं.

“बघ. तीन थर दिलेत तिनं. पहिला वाळल्याशिवाय दुसरा दिलेला नाही. आणि या कापडावर वरून फडकं टाकून कोमट इस्त्री फिरवलीय, म्हणजे फवारा नीट बसावा. डब्यावर लिहिलेलं असतं हे, पण कुणी करत नाही. मीही कधीकधी टाळतो.”

“मग मी भिजलो कसा?”

“त्या दिवशी आत काय घातलं होतंस?”

“सुती बनियन. वर लोकरीचा स्वेटर. गारवा होता.”

“चेन?”

“हनुवटीपर्यंत.”

“काखेत हवेसाठी चेनी असतात, त्या?”

“बंद. पाऊस होता ना दादा!”

“स्वेटर आहे गाडीत?”

“आहे.”

“घाल. वर हे चढव. त्या दिवशीसारखंच सगळं बंद कर. आणि सातव्या होलपर्यंत जाऊन ये.”

“आता? पाऊस तर थेंबभर नाही.”

“म्हणूनच.”

शार्दूलनं ओठ आवळले. स्वेटर घातला, जॅकेट चढवलं, चेन हनुवटीपर्यंत ओढली आणि ताडताड निघून गेला. सातवा होल टेकडीच्या माथ्यावर आहे. वाट चढाची.

पंचवीस मिनिटांनी तो परतला. चेहरा लालबुंद. वर आभाळ नुसतंच भरलेलं होतं, खाली मातीवर पावसाचा एक टिपका नव्हता.

“काढ.”

जॅकेटाचं अस्तर चिकटून आलं. स्वेटर पाठीवर काळा पडला होता. बाहीच्या टोकाकडून मनगटावर पाणी उतरलं होतं.

वामनदादांनी त्याचा हात धरून तळवा त्यालाच दाखवला.

“पाणी कुठून आलं?”

शार्दूल तळव्याकडे बघत राहिला. मग त्यानं हात झटकन सोडवून घेतला.

“म्हणजे जॅकेटच भंगार आहे! हवा खेळत नाही यात. कंपनीला असं खरमरीत पत्र लिहितो, की…”

“निवडलं कुणी?”

वामनदादा ओरडले होते. एवढ्या वर्षांत त्यांचा असा आवाज शार्दूलनं ऐकला नव्हता.

“दुकानात अंगावर चढवून बघितलंस? त्यात स्विंग करून बघितलास? खांद्यात अडतं का, सळसळतं का, आत वारा फिरतो का, काही बघितलंस? की टोपीवाल्या खेळाडूचा फोटो बघून घरी मागवलंस?”

“…मागवलं.”

“पाण्याचा विचार सगळे करतात. घामाचा कुणाला करायला नको. आणि मग नर्मदा अडाणी!”

शार्दूलनं ओला स्वेटर काढून बाकावर टाकला.

“सातव्या होलला काय झालं होतं?” वामनदादांनी विचारलं. आवाज आता खाली आला होता. पण राग गेलेला नव्हता.

“तीन फुटांवरून बॉल होलमध्ये पडला नाही. सोपा होता.”

“मग?”

“मग चिडलो.”

“किती वेळ?”

“…अठराव्यापर्यंत.”

“नर्मदानं कोरडा हातमोजा पुढे केला होता?”

शार्दूलनं मान खाली घातली. “तीन आणले होते तिनं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, एकेक वेगळा गुंडाळून.”

“घेतलास?”

“नाही. म्हणालो, मागितल्याशिवाय मध्ये येऊ नकोस.”

वामनदादांनी पातेलं फळीवर परत ठेवलं. ओले झालेले हात धोतराला पुसले.

“जातो मी तिच्या घरी,” शार्दूल म्हणाला. “आज संध्याकाळीच. चुकलं म्हणून सांगतो.”

“घरी कशाला?”

“मग कुठे?”

“ओरडलास तिथे.”

शार्दूलचा चेहरा पुन्हा तापला. जॅकेट उचललं आणि निघून गेला.

पुढचे सहा दिवस तो मैदानावर फिरकला नाही. मीटिंगा केल्या, घरच्यांवर खेकसला, कमिटीला लिहायचं पत्र तीनदा लिहून तीनदा फाडलं. पहिल्या पत्रात ‘गैरसमज झाला’ असं होतं. दुसऱ्यात ‘काही तांत्रिक कारणामुळे’. चौथ्या पत्रात त्यानं फक्त खरं लिहिलं. ते चार ओळींत संपलं.

रविवारी अठराव्या ग्रीनपाशी दुसऱ्या एका स्पर्धेचं बक्षीस वाटप होतं. ते संपल्यावर शार्दूल सेक्रेटरींची परवानगी घेऊन पुढे आला. कॅडी नेहमीसारखे कुंपणाजवळ उभे होते. नर्मदाला निरोप गेला होता. तीही आली होती, पदर खोचून, सगळ्यांच्या मागे.

शार्दूलनं पत्र उघडलं. पहिली ओळ त्यानं तोंडातल्या तोंडात वाचली.

“ऐकू येत नाही!” मागून कुणीतरी ओरडलं.

त्याच्या मानेवरची शीर उठली. त्यानं कागद खाली केला आणि मोठ्यानं म्हणाला, “नर्मदाबाईंनी जॅकेटचं काम चोख केलं होतं. ते कुठेही गळत नाही. मी हरलो ते माझ्यामुळे. मी त्यांचा इथे अपमान केला, आणि कमिटीला खोटं लिहून दिलं. ते मी परत घेतो.”

टाळ्या वाजवाव्यात की नाही, लोकांना कळेना. दोघांनी वाजवल्या आणि थांबवल्या.

सेक्रेटरींनी तिथल्या तिथे नर्मदाचं नाव पुन्हा यादीत घातलं. शार्दूल कुंपणाकडे चालत गेला.

“नर्मदाबाई… चुकलो मी.”

नर्मदानं त्याच्याकडे नीट पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते.

“बोललात ते बरं केलंत, साहेब. वाडीत लोक मला साबणबाई म्हणायला लागले होते. माझी सून हसायची आधी, मग तीही रडली.” ती क्षणभर थांबली. “नऊ वर्षांत तुमचा एक बॉल मी हरवू दिला नाही. त्या दिवशी एकदा तरी आठवायचं होतंत.”

ती वळून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो पहिल्या होलपाशी बॅग घेऊन उभा राहिला. हलकं नवं जॅकेट त्यानं दुकानात जाऊन, स्विंग करून घेतलं होतं. काखेतल्या चेनी उघड्या होत्या.

नर्मदा आली. त्याच्या बॅगेवरून तिची नजर गेली. मग तिनं शेजारची, निवृत्त हेडमास्तर शेंड्यांची बॅग उचलली, खांद्यावर नीट बसवली आणि त्यांच्या पुढे चालू लागली.

अर्ध्या तासानं शार्दूल शेडच्या दारात होता.

“दादा, काय करायचं राहिलं होतं माझं?” त्यानं बॅग दारातच टाकली. “शंभर माणसांसमोर मान खाली घातली! स्वतःला खोटारडा म्हणवून घेतलं! माझ्या वडिलांसमोरसुद्धा मी कधी असा उभा राहिलो नाही. आणि आज तिनं माझ्या डोळ्यांदेखत त्या शेंड्यांची बॅग उचलली. त्या शेंड्यांची! त्यांना धड बॉल मारता येत नाही!”

वामनदादा एका छत्रीच्या काड्या सरळ करत होते.

“ती नाही म्हणाली?”

“काही म्हणालीच नाही! नुसती निघून गेली. मग त्या माफीचा उपयोग काय झाला?”

वामनदादांनी छत्री मिटली. बाजूला ठेवली.

“रविवारी तू तिच्याकडे काय मागत होतास, शार्दूल… माफी, की कॅडी?”