मेंदूवाल्यांची एकट्याची शर्यत

दसऱ्याच्या शर्यतीला प्रतिस्पर्धी आणायचा कुठून? या काळजीने सगुणाची झोप उडाली होती. कॉम्प्युटरचा प्रोसेसर बनवायला गडाएवढा कारखाना लागतो. सगुणाकडे होतं दुरुस्तीचं एक टेबल, आणि टेबलाखाली खेळणारी पाच वर्षांची लेक रेणू.

सगळा दोष तिच्या जिभेचा. घोटणगडच्या राजेसाहेबांनी तिला राजवाड्यावर बोलावलं होतं.

"बाई, हा कॉम्प्युटर बघ! दर वर्षी नवा प्रोसेसर घेतो, तरी फाइल उघडेपर्यंत चहावर साय धरते!"

सगुणाने डबा खोलला, पाहिला, बंद केला. मग गुपचूप घरी यायचं, की नाही? पण ती म्हणाली, "महाराज, बिघाड काही नाही. पूर्वी आपल्याकडे प्रोसेसर बनवणारे दोघं होते, मेंदूवाले आणि पाटणकर. एकाने वेग वाढवला की दुसऱ्याला घाम फुटायचा. आता पाटणकर थकले, मोबाइलची कव्हरं विकतात. मग मेंदूवाल्यांनी धावायचं तरी कुणाच्या भीतीने?"

राजे हट्टी! "असं होय? मग बंद पडलेली दसऱ्याची प्रोसेसरची शर्यत यंदा होणारच! प्रतिस्पर्धी तू आणायचास. नाही आणलास, तर तुझ्या दुकानाला सरकारी कुलूप!"

"पण महाराज..."

"पणबिण काही नाही!"

एवढी शिकले, पण गप्प कधी बसायचं ते कुणी शिकवलंच नाही, असं स्वतःशी बडबडत सगुणा घरी आली.

दसरा उजाडला. दरबाराच्या पटांगणात सारं गाव लोटलं. पुंजाजीशेठ मेंदूवाले आपला नवाकोरा प्रोसेसर मखमलीवर मिरवत आले. रिवाजाप्रमाणे दवंडी पिटली गेली.

"ऐका हो ऐका! जिंकणाऱ्याचा माल दरबार वर्षभर घेणार! हरणाऱ्याने आपला आराखडा चावडीवर टांगायचा! ज्याला वाटेल त्याने तो बघून त्याहून सरस बनवावा!"

ही दुसरी अट लोक विसरूनच गेले होते. कित्येक वर्षांत हरायलाच कुणी उरलं नव्हतं ना!

"कुठाय तुझा प्रतिस्पर्धी?" राजांनी विचारलं.

सगुणाने पिशवीतून धुळकट डबा काढून टेबलावर ठेवला. शेठ वाकून बघतात तो काय, आत त्यांचाच जुना प्रोसेसर! ते पोट धरून हसायलाच लागले.

"अगं बाई, हा तर गेल्या वर्षीचा! नव्या मदरबोर्डावर हा बसायचासुद्धा नाही. मी दर वर्षी पिनांची जागाच बदलतो!"

शेठ मोठ्या अभिमानाने बोलून गेले. दर वर्षी नवा मदरबोर्ड घेऊन खिसे रिकामे झालेली गर्दी त्यांच्याकडे टकामका बघू लागली.

"म्हणून बोर्डही जुनाच आणलाय," सगुणा म्हणाली.

"ही काय शर्यत झाली? बैलगाडी आणि विमान! माझ्या जाहिराती वाचत नाहीस? नव्याचा जुन्याशी काडीचा संबंध नाही!"

"ऐकलंत महाराज?" सगुणा राजांकडे वळली. "दोघं अगदी वेगळे, असं शेठ स्वतःच सांगतात. मग लावायची ना शर्यत?"

"लावा!" राजे गरजले.

काम एकच ठरलं, राजांच्या मिरवणुकीची फिल्म तयार करायची. दोन्ही पडद्यांवर, काम किती झालं ते दाखवणाऱ्या हिरव्या पट्ट्या सरकू लागल्या. नव्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. जुना आपला शांतपणे चालला होता. नवा थोडा पुढे! जुना त्याच्या मागोमाग! शेठ पंख्याजवळ उभे राहून घाम पुसत होते.

शेवटी नव्याची पट्टी भरली. "जिंकलो!" असं शेठ ओरडले, आणि तोंड मिटायच्या आत जुन्याचीही भरली.

"वर्षभराची प्रगती ती एवढीच?" राजांच्या भुवया चढल्या.

"जिंकलो ते जिंकलो, महाराज!"

"अभिनंदन, शेठ," सगुणा म्हणाली. "मग हरलं कोण?"

"हा जुना."

"तो तुमचाच ना? मग टांगा त्याचा आराखडा चावडीवर!"

शेठचा चेहरा उतरला. "अं... माझा कसला? माझा तर तो नवा. या जुन्याशी माझा काय संबंध!"

"तुमचा नाही? मग तर फारच उत्तम! मी खराखुरा प्रतिस्पर्धी आणला, राजेसाहेबांचा हुकूम पुरा झाला. आणि जो तुमचा नाहीच, तो उद्यापासून गावात कुणीही बनवला, तरी तुमची हरकत कशाला असेल?"

परक्याचा म्हटला तर उद्या गावभर त्याच्या हुबेहूब नकला विकल्या जातील, त्यापेक्षा आराखडा टांगलेला बरा, असा हिशोब शेठनी केला. शेवटी पुटपुटले, "माझाच आहे. टांगतो आराखडा."

गर्दीतल्या पाटणकरांनी कव्हरांची टोपली खाली ठेवली आणि चष्म्यासाठी खिसे चाचपायला सुरुवात केली.

राजे इतके हसले की फेटा सुटला! "वा गं बाई! शेठना शेठच्याच अंगावर सोडलंस! कुलपाचा हुकूम रद्द! आणि दरबारातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची दुरुस्ती आजपासून कायमची तुझ्याकडे!"

"कायमची नको, महाराज," सगुणा घाईघाईने म्हणाली. "एक वर्षाचीच द्या. नाहीतर मीही शेठसारखी सुस्तावेन. स्वतःला ओळखून आहे ना मी!"

राजे आणखीच हसले आणि त्यांनी आपला शेला तिच्या खांद्यावर घातला.

गोष्टींतली मुलं अशा वेळी महाराजांचा जयजयकार करतात. आईबरोबर आलेल्या रेणूने मात्र राजांची बाही ओढली आणि विचारलं, "राजेकाका, तुमची शर्यत कुणाबरोबर असते?"