थोरल्याचे नाव

पूर्वी चंपा नगरीत महासेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका नावाड्याच्या कुळात जन्मला. त्याचे नाव सोमिल. नावेत भात भरून तो गंगाकाठची दूरदूरची गावे करी. त्याची पत्नी उत्तरिका, आणि नंदक हा त्यांचा एकुलता मुलगा.

एकदा सोमिल फेरीवर असताना नंदकला ताप भरला आणि त्यातच तो गेला. सोमिल परतला तेव्हा उत्तरिका एवढेच म्हणाली, "तुम्ही इथे नव्हता."

वारा उलटा होता, निरोप उशिरा पोहोचला, हे सारे खरे होते. पण तो म्हणाला, "नव्हतो."

त्यानंतर तिने त्याच्याशी बोलणे टाकले. ती पान वाढी आणि पाठ फिरवी. सोमिलने लांबच्या फेऱ्या सोडून दिल्या. घाटावरच उतारूंना पैलतीरी नेऊ लागला. रोज सांजेला तो घरी असे. ती बोलत नसे, तरी असे.

वर्ष उलटले. सोमिलची आई त्याला म्हणाली, "सुनेचं मन आता संसारात नाही. दुसरी कर बाबा, वंश बुडेल."

दाराआड उत्तरिका ऐकत होती.

"आई," सोमिल म्हणाला, "नंदकचे आईबाप जगात आम्ही दोघंच. मी दुसरा संसार मांडला, तर तिनं त्याची आठवण कुणाजवळ काढावी?"

याचेही मूल गेले आहे, हे उत्तरिकेला त्या क्षणी उमगले. ती बाहेर आली आणि प्रथमच नवऱ्याजवळ बसून रडली.

पुन्हा मूल हवे की नको, हे त्याने तिच्यावर सोपवले आणि कधी घाई केली नाही. काही वर्षांनी त्यांना मुलगा झाला. बारशाला उत्तरिका म्हणाली, "माझा नंदकच परत आलाय. तेच नाव ठेवू."

सोमिल हळूच म्हणाला, "ते नाव थोरल्याचं आहे. त्याचं त्याच्याकडे राहू दे. याला याचं आयुष्य जगू दे."

उत्तरिकेने बाळाला जवळ घेतले. मग तिनेच त्याच्या कानात नाव सांगितले, "क्षेमक."

पुढे कुणी मुले किती म्हणून विचारले, की ती शांतपणे सांगे, "दोन. थोरला गेला. धाकटा हा."

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "त्या वेळची उत्तरिका म्हणजे आजची राहुलमाता, क्षेमक म्हणजे तिचा मुलगा राहुल, आणि तो नावाडी मीच होतो." दुःखातही जोडीदाराची धीराने वाट पाहण्याच्या या गुणाला क्षांती म्हणतात.