राई, खसखस आणि तीन पहाटा

त्या पहाटे मी बागेत नव्हते. परी मी पाहिलेली नाही आणि तिचा आवाजही ऐकलेला नाही. शरयूने मला जे सांगितले, तेवढेच इथे सांगते.

समुद्राकाठच्या केवणी गावात, नारळींच्या हिरव्या सावलीत, एक इवलेसे कौलारू घर होते. तिथे आठ वर्षांची शरयू तिच्या आईबरोबर राहत असे. शरयूचे बाबा होडीवर जात. दोन वर्षांपूर्वी ते वारले. तेव्हापासून आई, गोमतीबाई, देवळासाठी प्राजक्ताचे हार करून घर चालवत असे. घरात भांडी मोजकी होती आणि भाकरी त्याहूनही मोजकी. कुत्री मात्र दोन होती. काळसर, मण्यांसारख्या डोळ्यांची ती राई. आणि पांढरी, कापसाच्या पुंजक्यासारखी ती खसखस. दोघी एकाच सुपात मावत.

पावसाळ्याच्या शेवटी आईला लांबलचक ताप आला. ताप उतरल्यावर वैद्यांनी बजावले, “सूर्य उगवेपर्यंत झोप हवी. रोज. औषध तेवढेच.” आणि रोज, आभाळ अजून जांभळे असतानाच, राई आणि खसखस भुंकून घर जागे करीत. आईचे डोळे लाल होत चालले, पाय लटपटू लागले.

कुंपणापलीकडे राहणारी द्वारकाआत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “सुपाएवढी कुत्री आणि नगाऱ्याएवढा आवाज! गोमती, तुला हौस असेल, पण मलाही झोप लागते हो. चौथ्या दिवशी माझे दीर गाडी घेऊन येताहेत. ही दोन्ही त्यांच्या मळ्यावर जातील.”

“आत्या, मळ्यावर कोल्हे आहेत,” शरयू म्हणाली.

“मग भुंकू देत त्यांच्यावर!”

दुसऱ्या दिवशी पहाटे शरयू डोळे पुसत फुले गोळा करायला बागेत गेली. जमिनीवर पडलेले फूल देवाला वाहत नाहीत. प्राजक्त तेवढा याला अपवाद, कारण तो आपण होऊनच झडतो. तरीही गोमतीबाई झाडाखाली धुतलेले पांढरे धोतर अंथरीत असे, आणि धोतरावरची फुले सूर्य वर येण्याआधी उचलावी लागत, नाहीतर ती कोमेजत. त्या धोतरावर, टपटपणाऱ्या फुलांमध्ये, एक फूल उभे होते. त्याला चिमुकले पंख होते. झगा पाकळ्यांसारखा शुभ्र होता, पावले केशरी होती आणि केसांत दवाचे थेंब लुकलुकत होते.

“रडू नकोस, बाळ,” परी म्हणाली. “तीन पहाटा, तीन इच्छा. प्रत्येक इच्छा एकाच पहाटेपुरती. तिने कुणाला इजा होता कामा नये. आणि ती तू जशी बोलशील तशीच पुरी होईल, मनात होती तशी नाही. मनातले आम्हाला वाचता येत नाही.”

शरयूने विचार केला आणि ती म्हणाली, “उद्या सूर्य उगवेपर्यंत राई आणि खसखस यांनी भुंकू नये.”

दुसरी पहाट मोत्यासारखी शांत उजाडली. कुणीही भुंकले नाही. मात्र राई आईच्या छातीवर चढून बसली, खसखशीने तिचा कान चाटला आणि दोघींनी मिळून पांघरूण ओढून नेले. आईचे डोळे पुन्हा लालच.

“मी चुकीचे मागितले का?” शरयूने विचारले.

“तू नेमके मागितलेस,” परी म्हणाली. “तेच अवघड असते.”

“मग उद्या सूर्य उगवेपर्यंत दोघींनी झोपून राहावे.”

तिसऱ्या पहाटे दोघी झोपून राहिल्या. शरयूही झोपून राहिली, कारण तिला रोज त्याच उठवीत. जाग आली तेव्हा धोतरावर सोनेरी ऊन होते आणि फुले मलूल तपकिरी झाली होती. देवळातले गुरवकाका म्हणाले, “आज देवाला झोप लागली म्हणू, की तुला?” शरयू मान खाली घालून परतली. पण तिला खरा धक्का घरी बसला. कुत्री भुंकली नव्हती, हललीही नव्हती, तरी आईचे डोळे तसेच लाल होते.

हे कसे? कुत्र्यांनी उठवले नाही, मग कुणी उठवले? शरयूचा सगळा हिशेब विस्कटला. ती झाडाखाली धावली. उन्हात परी कशीबशी दिसत होती, काचेवरच्या चमकेएवढी.

“मला काहीच समजत नाही,” शरयू म्हणाली. “कुत्र्यांना आता काही सांगायचे नाही. उद्या पहाटे त्यांना जे ऐकू येते, ते मला ऐकू येऊ दे.”

परीचे पंख क्षणभर थबकले. “हे आजवर कुणी मागितले नव्हते,” ती म्हणाली.

चौथ्या पहाटे शरयूचे कान उघडले. वाळूवरून सरकणारा खेकडा ऐकू आला. कळीची पाकळी सुटल्याचा आवाज ऐकू आला. पायाशी राई आणि खसखस गाढ झोपल्या होत्या. मग पलीकडच्या अंथरुणात आईचा श्वास बदलला. झोपेतला लांब श्वास तुटला आणि जागेपणीचा, दाबून धरलेला श्वास सुरू झाला. त्यानंतर, पुष्कळ वेळाने, राईचा एक कान उभा राहिला.

शरयू आईच्या कुशीत शिरली. “आई, तू जागी आहेस.”

“कुत्र्यांनी उठवले गं.”

“ती अजून झोपली आहेत. मी ऐकलेय.”

आईने डोळे उघडले. “तुझे बाबा याच वेळी होडीवर जायला उठत,” ती म्हणाली. “मी चहा करीत असे. आता चहा कुणाला? डोळे मिटून पडून राहते. या दोघींना कसे कळते कोण जाणे, येऊन बसतात, भुंकतात.”

“मग आज मी बसते. तू झोप.”

शरयूने आईचे डोके मांडीवर घेतले. राई एका कुशीला आली, खसखस दुसऱ्या. हळूहळू आईचा श्वास लांब झाला. बाहेर उजाडू लागले. फुलांची आठवण शरयूला होती, पण ती हलली नाही.

खिडकीत परी उभी राहिली. “तुझ्या इच्छा संपल्या,” ती कुजबुजली. “आता जे देते, ते त्यांत धरत नाहीत.” तिच्या केशरी पावलांपासून उजेड चढत गेला, झगा झळाळला, पंख विरघळले आणि खोलीत नुसता प्रकाश उरला. त्या दिवशी धोतरावरचा प्राजक्त दुपारपर्यंत कोमेजला नाही. आई ऊन डोळ्यांवर येईपर्यंत झोपली आणि हार उशिरा पण ताजा पोचला.

त्याआधी मात्र द्वारकाआत्या दार ढकलून आत आली होती. “गाडी आलीय. आण ती दोन्ही. आजही भुंकलीच!”

“हळू, आत्या. ती सकाळपासून इथेच झोपली आहेत. बघ ना.”

आत्याने पाहिले. राई घोरत होती.

“काल तर भुंकली?”

“काल नाही. परवाही नाही.”

“अगं, तिन्ही पहाटा मी या दोन कानांनी ऐकलेय!” आत्याचा आवाज बारीक झाला. ती बाहेर गेली आणि दिरांना रिकामी गाडी घेऊन जायला सांगून आली. जी कुत्री भुंकत नाहीत, ती भुंकतात म्हणून धाडायची कशी?

राई आणि खसखस अजून तिथेच आहेत. आईबरोबर त्याही सूर्य उगवेपर्यंत झोपतात. त्या बागेत तिसरे कुत्रे नाही. मी स्वतः हिंडून पाहिले आहे. चौथ्या पहाटे, पाकळी सुटल्याचा आवाज ऐकणाऱ्या शरयूने एकही भुंकणे ऐकले नाही. आणि द्वारकाआत्या आजही रोज पहाटे, आभाळ जांभळे असतानाच, धाकटा भाऊ होडीवर जायला उठत असे त्याच वेळी, दोन कुत्र्यांच्या भुंकण्याने जागी होते.