रंग न धरणारी कयाक

“आणि ह्याला काय म्हणायचं?”

आक्कांनी कयाकच्या कडेला नख घातलं आणि हलकेच ओढलं. वीतभर लाल रंग कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून त्यांच्या हातात आला.

तो रंग देणारा यशोधन नाईकनवरे त्या पापुद्र्याकडे बघत राहिला.

“ऊन जास्त लागलं असेल,” तो म्हणाला.

“उन्हावर कशाला ढकलतोस? ऊन तर रोजचंच हाय.”

आक्कांनी तो पापुद्रा त्याच्या हातावर ठेवला आणि त्या भांडी घासायला निघून गेल्या.

मठ धरणाच्या पाण्यात उभ्या असलेल्या एका टेकाडावर होता. धरण झालं तेव्हा खालची गावं बुडाली, टेकाड तेवढं वर राहिलं. पूर्वीचे बुवा गेल्यावर मठ आक्का चालवत. चालवायला होतं काय म्हणा… एक समाधी, एक चूल आणि पलीकडच्या वाड्यांवर भिक्षेला जायला ही दोन माणसांची, प्लास्टिकची निमुळती होडी, म्हणजे कयाक. कुणा बोट क्लबवाल्याचा धंदा बसला तेव्हा तो ती काठावर टाकून गेला होता. दगडांवरून ओढून ओढून तिचं बूड ओरबाडलं होतं. मूळचा पिवळा रंग उन्हानं पार उडाला होता, आणि हिवाळ्यातल्या सकाळच्या धुक्यात पाणी कुठलं, धुकं कुठलं आणि कयाक कुठली, हे ओळखू येत नसे.

गेल्याच महिन्यात एक लाँच आक्कांच्या इतक्या जवळून गेली, की त्या कयाकसकट उलटल्या. लाँचवाला रडकुंडीला आला. “आक्का, दिसलाच न्हाईसा ओ,” एवढंच तो म्हणत राहिला.

म्हणून रंग हवा होता. धुक्यातून दिसेल असा.

आणि यशोधनला शिष्य व्हायचं होतं.

साताऱ्यात गाड्या रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यानं दिलेला रंग गाडी भंगारात जाईपर्यंत हलत नाही, असं सगळे म्हणत, आणि सगळ्यांच्या आधी तो स्वतः म्हणे. पण रात्री दुकान बंद केलं की त्याला आतून पोकळ पोकळ वाटायचं, हेही खरं होतं. त्यापायी त्यानं आधी दोन गुरू करून पाहिले. दोघांनाही सोडून आला. आता ही तिसरी पायरी, आणि इथूनही हात हलवत परत जायचं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

या मठात माळ घालत नसत, कानात मंत्र सांगत नसत. आक्का भिक्षेला निघताना ज्याला कयाकमध्ये पुढं बसवतील, तो शिष्य. एवढीच रीत. कयाक आल्यापासून ती पुढची जागा रिकामी होती.

“मला कधी बसवणार?” यशोधननं आल्या आल्या विचारलं होतं.

“होडी दिसाया लागली की.”

“एवढंच ना!” तो हसून म्हणाला होता.

…

दुसऱ्या वेळी त्यानं काही कमी ठेवलं नाही. उरलासुरला रंग खरवडला. बुडाला आलेली प्लास्टिकची कुसळं ब्लेडनं तासली. साबणानं धुतलं, स्पिरिटनं पुसलं. पॉलिश पेपर मारून मारून बूड आणि बाजू अशा गुळगुळीत केल्या, की हात फिरवला तर घसरावा. दुकानातला सगळ्यात भारी प्रायमर आणला, त्यावर लाल, त्यावर लॅकर.

कयाक आरशासारखी चमकली. तो दर हाताला आक्कांच्या तोंडाकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी कयाक दगडांवरून ओढत पाण्यात घातली, भिक्षा मागून आल्या आणि पुन्हा दगडांवरून ओढत वर आणली. काठाच्या दगडांवर लाल टिकल्यांचा सडा पडला होता.

यशोधनच्या मस्तकाची शीर उठली. त्यानं ब्रश पाण्यात भिरकावला.

“माझ्या रंगात खोट नाही, आक्का! हे प्लास्टिकच नालायक आहे. काही धरूनच ठेवत नाही.”

“असंल बाबा.” आक्का पायरीवर टेकल्या. “तुजं आधीचं दोन गुरू… त्येंचं काय झालं म्हणालास?”

“त्यांच्यात दम नव्हता.”

“आन ही होडी?”

“ही नाला…”

तो मध्येच थांबला.

आक्का उठल्या. त्यांनी कयाक पालथी केली, तांब्याभर पाणी आणलं आणि तिच्या उघड्या पडलेल्या बुडावर ओतलं. पाण्याचे गोल गोल थेंब झाले आणि धावत खाली गेले. बूड जसं कोरडं होतं तसं कोरडं राहिलं.

“जिथं पाणी थांबत न्हाई,” आक्का म्हणाल्या, “तिथं तुजा रंग कशापायी थांबंल?”

…

त्या संध्याकाळी आक्कांनी त्याला चुलीपाशी बसवलं आणि पापड भाजायला सांगितलं.

त्याचं डोकं कयाकपाशी होतं. त्यानं पापड चिमट्यात धरला आणि विस्तवावर ठेवून दिला. पापड एका बाजूनं काळा झाला, दुसऱ्या बाजूनं कच्चा राहिला. दुसरा घेतला, त्याचीही तीच गत.

“आण हिकडं.”

आक्कांनी चिमटा घेतला. पापड निखाऱ्यांवरून नुसता फिरत राहिला, इकडून तिकडं, उलटा, सुलटा. क्षणभरही एका जागी नाही. बघता बघता सगळा फुलला.

“विस्तव दाखवायचा असतुया,” त्या म्हणाल्या. “द्यायचा नसतुया.”

यशोधनची नजर आपल्या पिशवीकडे गेली.

त्याच्या पिशवीत गॅसची टॉर्च होती. जुना रंग उतरवायला तो ती वापरत असे. पत्र्यावर ज्योत धरली की रंगाला फोड येतात, आणि मग तो पट्टीनं खरवडायचा. आयुष्यभर त्यानं आगीकडून एवढंच काम घेतलं होतं. प्लास्टिकच्या बंपरला रंगाआधी ज्योत दाखवावी लागते, असं एक म्हातारा कारागीर त्याला एकदा सांगू लागला होता. तेव्हा यशोधन सगळ्या दुकानासमोर त्याला हसला होता. “मामा, रंगकाम करायचंय, वांगी नाही भाजायची,” असं काहीतरी तो बोलला होता. आज ते बोलणं आठवून त्याचे कान गरम झाले.

जी आग रंग उतरवते, तीच रंग बसवणार? त्याला पटत नव्हतं. पण आता त्याच्या पटण्या-न पटण्याला फारशी किंमत उरली नव्हती, आणि हे त्याला स्वतःलाच कळत होतं.

…

सकाळी त्यानं कयाक उलटी घातली, पुसून कोरडी केली आणि टॉर्च पेटवली.

निळी ज्योत बुडावरून, बाजूंवरून फिरली. पहिला हात बरा गेला. मग त्याला वाटलं, आणखी थोडी धरली तर आणखी घट्ट बसेल… आणि त्यानं ज्योत एका जागी धरली.

प्लास्टिक मऊ पडलं. तळहाताएवढा भाग आत बसला.

त्यानं टॉर्च बंद केली आणि तो मटकन खाली बसला. आता मात्र त्याला रडू आलं. मठाची एकुलती एक कयाक, आणि आपण ती नासवली. कोणत्या तोंडानं पुढची जागा मागायची?

आक्का येऊन वाकून बघू लागल्या.

“भोक पडलं?”

“नाही. पण खड्डा पडला.”

“पाणी आत येईल?”

“नाही येणार…”

“मग थांबलास कशाला?”

यशोधननं डोळे पुसले आणि टॉर्च पुन्हा पेटवली.

दुपार झाली. ज्योत फिरत राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठंही न टेकता. त्याचा खांदा भरून आला तेव्हा त्यानं हात बदलला. हा हात नवशिका होता, म्हणून तो अधिकच जपून फिरवला. चटका बसला तरी तो उठला नाही. आक्का ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. एरवी दर हाताला वर बघणाऱ्या यशोधननं त्या दुपारी एकदाही ओसरीकडे पाहिलं नाही.

काम झालं तेव्हा त्यानं तांब्या आणला आणि पाणी ओतलं.

या खेपेला थेंब झाले नाहीत. पाणी पसरलं आणि ओल्या कापडासारखं बुडाला बिलगून राहिलं.

तो बराच वेळ ते बघत बसला. मग पुसून, वाळवून त्यानं रंगाला हात घातला. बुडाला आणि बाजूंना लाल, तोही पातळ. एक हात वाळल्याशिवाय दुसरा दिला नाही. खड्ड्यावरही दिला, लिंपून लपवायच्या भानगडीत पडला नाही. लॅकरचा डबा उघडलाच नाही. रंग मुरेपर्यंत कयाक सावलीत पडून राहिली, आणि तोवर भिक्षा बंद म्हणून दोघांनी मठातल्या नाचणीच्या आंबिलीवर भागवलं. घाई त्यालाही होती. पण त्यानं ती पोटात ठेवली.

शेवटी एका सकाळी त्यानं नख लावलं. मग सुरीचं टोक लावलं. मग कयाक पालथी होती ती उताणी केली आणि स्वतः दगडांवरून ओढत पाण्यापर्यंत नेली.

बुडावर ओरखडे उठले. साल मात्र कुठं सुटली नाही.

त्याला ओरडावंसं वाटलं. पण तो नुसता आक्कांसमोर जाऊन हात जोडून उभा राहिला.

“आक्का… आता तरी?”

आक्कांनी झोळी कयाकमध्ये ठेवली आणि त्या मागच्या जागेवर जाऊन बसल्या. पाण्यावर दाट धुकं होतं. आत कुठंतरी लाँचचं इंजिन घरघरत होतं.

“लाँच येतेय,” यशोधन म्हणाला. “दिसेल ना तिला?”

“रंग दिलास तू. मला काय इचारतोस?”

आक्कांनी त्याच्यापुढं वल्हं धरलं.

“बस फुडं.”

यशोधन पुढं बसला, त्यानं वल्हं पाण्यात घातलं आणि काठ मागं राहिला. पाच-पन्नास हात गेल्यावर काठही दिसेनासा झाला. घरघर वाढत चालली होती. त्याचे हात थांबले नाहीत.

धुक्यातून लाँचचं नाक बाहेर आलं. भोंगा वाजला. लांबूनच लाँचनं तोंड वळवलं आणि ती मोठा वळसा घालून निघून गेली.

“दिसला!” यशोधन ओरडला. “आक्का, रंग दिसला त्याला! बघितलंत?”

मागून उत्तर आलं नाही.

“आक्का?”

… पाण्याचा चुबुक चुबुक आवाज तेवढा येत होता.

“आक्का, आहात ना?”

तो मागं वळू लागला, तशी कयाक एका अंगाला कलली.

“फुडं बघ,” आक्का म्हणाल्या. “मागं मी हाय का न्हाई, ते होडीला ठावं हाय. तू वल्हव.”