मधला पट्टा

एका गावात मोटारींमध्ये ध्वनियंत्रणा बसवणारे एक वृद्ध कारागीर होते. नाव दस्तगीर उस्ताद. त्यांच्या हाताखाली पुष्कर नावाचा शिष्य दहा वर्षे शिकत होता. हात इतका सफाईदार, की अलीकडे गिऱ्हाइके उस्तादांऐवजी त्यालाच विचारत. त्यालाही ते आवडू लागले होते.

एकदा उस्ताद लेकीकडे गेलेले असताना लीलाताई कोपर्डे नावाच्या सत्तरीच्या बाई आपली लहानशी गाडी घेऊन आल्या. त्यांचे यजमान वर्षापूर्वी वारले होते. पन्नाशी उलटल्यावर लीलाताई गाडी शिकल्या, त्या यजमानांच्याच शेजारी बसून. तेव्हा मागे बसलेल्या मुलीने गंमत म्हणून मोबाइलवर सगळे टिपून ठेवले होते. ‘क्लच हळू सोड, लीला. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?’ असा तो खर्जातला, सावकाश आवाज. आता एकटीने गाडी चालवताना तो ऐकावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

पुष्करने दोन दिवस खपून काम केले. मागे डिकीत मोठा स्पीकर, दारांत मधले, काचेपाशी छोटे. कुठला स्वर कोणत्या स्पीकरने वाजवायचा याची सीमा ठरवणे म्हणजे क्रॉसओव्हर लावणे. गाणी लावून पाहिली तेव्हा ठोका असा घुमला, की रस्त्यावरची पोरे थांबून ऐकू लागली.

लीलाताईंनी मात्र आपले ध्वनिमुद्रण लावले आणि त्या गोंधळल्या. “हा त्यांचा आवाज नाही रे. कुणीतरी पत्र्याच्या डब्यातून बोलतंय. मोबाइलवरसुद्धा याच्यापेक्षा बरा वाटतो.”

दुकानात तेव्हा आणखी तीन गिऱ्हाइके उभी होती. पुष्कर त्यांच्याकडे पाहून हसला आणि म्हणाला, “काकू, सेटिंग एकदम परफेक्ट आहे. या वयात कान जातात हो. एकदा तपासून घ्या.”

गिऱ्हाइकेही हसली. लीलाताई ओशाळल्या. “असेल, असेल. तुला उगाच त्रास दिला,” असे पुटपुटून त्या निघून गेल्या.

तीन आठवड्यांनी तीच गाडी दुकानासमोर येऊन उभी राहिली, पण चालवत होता त्यांचा पुतण्या. एव्हाना उस्ताद परतले होते.

“काकूंनी गाडी मला देऊन टाकली,” पुतण्या म्हणाला. “हे स्पीकर काढून टाका. त्यांचे कान गेलेत म्हणे. मागचा हॉर्न ऐकू आला नाही आणि कुणाला लागलं तर, म्हणून चालवायचंच सोडलं. घरातही कुणाशी फारशा बोलत नाहीत.”

“डॉक्टर काय म्हणाले?” उस्तादांनी विचारले.

“डॉक्टर कुठले! इथंच कुणीतरी सांगितलं त्यांना.”

पुष्कर हातातल्या वायरीचे टोक सोलत राहिला. तेव्हाच त्याने तोंड उघडायला हवे होते. पण तो म्हणाला, “गर्दीत कुणी गिऱ्हाईक बोललं असेल.”

उस्तादांनी त्याच्याकडे एकवार पाहिले. मग ते गाडीत जाऊन बसले, लीलाताईंनी स्पीकर कशासाठी बसवले होते ते पुतण्याकडून समजून घेतले, गाडीतच राहिलेल्या पेनड्राइव्हवरचे त्यांचे ध्वनिमुद्रण थोडे ऐकले आणि बंद केले. त्यांनी सेटिंगला हात लावला नाही. पुष्करला शेजारी बसवून ते म्हणाले, “तुझा मोबाइल काढ. त्या बाईंना जे सांगितलं गेलं, ते तुझ्या आवाजात यात बोल.”

“मी कशाला, उस्ताद?”

“बोल.”

पुष्कर खालमानेने बोलला. उस्तादांनी ते गाडीच्या स्पीकरवर लावले. ‘काकू, सेटिंग एकदम परफेक्ट आहे. या वयात कान जातात हो.’ आवाज चिरका, पोकळ, कुणा परक्याचा. उस्तादांनी ते पुन्हा लावले. तिसऱ्यांदा लावले तेव्हा पुष्करने हाताने तोंड झाकून घेतले.

“मीच बोललो होतो,” तो म्हणाला. “आणि आत्ता खोटंही बोललो.”

उस्ताद शांतपणे म्हणाले, “मोठा स्पीकर तू साठ हर्ट्झला, म्हणजे अगदी खालच्या घुमणाऱ्या स्वरांवरच थांबवलास. दारातले दोनशे हर्ट्झपासून सुरू केलेस. मधला पट्टा कुणाकडेच सोपवला नाहीस, आणि पुरुषाच्या आवाजाचा भरदारपणा नेमका तिथेच असतो. अशी चूक माझ्याही हातून झाली आहे. परंतु गाण्याच्या दणक्यात तुझी चूक कुणाला कळली नाही. कळली ती एकाच बाईला, कारण चाळीस वर्षे तिने तो आवाज ऐकला होता. या दुकानात त्या दिवशी सर्वांत तयार कान तिचे होते, बेटा. तू त्यांनाच बहिरं ठरवलंस.”

पुष्करने दोन्ही सीमा ऐंशीवर आणल्या. दोन मिनिटांचे काम. मग तो पुतण्याला घेऊन लीलाताईंच्या घरी गेला.

त्या दारात आल्या, तेव्हा तो त्यांच्या पाया पडला. “काकू, चूक माझी होती. तुमचे कान चांगले आहेत. चार माणसांत तुम्हाला हसलो.”

त्या तशाच बाहेर आल्या. गाडीत बसून त्यांनी ध्वनिमुद्रण लावले, काच वर केली आणि शेवटपर्यंत ऐकले. काच खाली आली तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते.

“हेच,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, त्यांचा आवाजच मी विसरले. तीन आठवडे मी स्वतःला विचारत होते, की मग आठवतंय ते काय?” मग मागच्या दाराकडे बोट करून म्हणाल्या, “बस मागे. सोडते तुला दुकानात.”

पुष्कर मागच्या सीटवर बसला. गाडी हळूहळू निघाली. पहिल्या वळणावर लीलाताईंनी ब्रेक दाबला आणि मागे न पाहता विचारले, “हॉर्न वाजला का रे कुणाचा?”

“नाही, काकू. रस्ता मोकळा आहे.”

दुकान येईपर्यंत सात वळणे होती. प्रत्येक वळणावर त्या थांबल्या, प्रत्येक वळणावर त्यांनी तेच विचारले, आणि प्रत्येक वेळी मान खाली घालून पुष्करने तेच उत्तर दिले.